साहेब कुठले?

कारखान्याच्या कार्यकारी संचालकाची जागा रिकामी होणार अशी कुणकुण लागली, की अर्ज यायच्या आधी नावं यायला लागतात. कॅन्टीनमध्ये, वजनकाट्यावर, शेतकी विभागाच्या व्हरांड्यात. नाव आलं की पाठोपाठ तीन प्रश्न ठरलेले : कुठला आहे, कुणाच्या मार्फत येतोय आणि आडनाव काय. आधीच्या कारखान्यात उतारा किती काढला, तोडणी-वाहतुकीची देणी किती थकवली, हे नंतर, आणि तेही वेळ उरला तर.

बीड जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात मी लेबर ऑफिसर म्हणून लागलो आणि प्रशासन अधिकारी म्हणून निवृत्त झालो. पाचशे किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथं कल्याण अधिकारी नेमावाच लागायचा, असं तेव्हाचा १९४८चा कारखाने कायदा सांगायचा. माझी नेमणूक त्या कलमाच्या कृपेची. पुढे वरच्या पदांच्या मुलाखती लागल्या की संचालक मंडळासाठी टिपण तयार करायचं, उमेदवारांची गेस्ट हाऊसला सोय लावायची आणि दाराजवळच्या खुर्चीत बसून राहायचं, हे काम माझ्याकडे आलं. मत क्वचित विचारायचे. ऐकायला मात्र भरपूर मिळायचं.

कागदावर ही निवड काही सैल नसते. कार्यकारी संचालक व्हायचं तर साखर आयुक्तालयाच्या नामतालिकेत नाव लागतं. चीफ इंजिनिअर, चीफ केमिस्ट, चीफ अकाउंटंट किंवा शेतकी अधिकारी म्हणून बरीच वर्षं काढलेली माणसंच सहसा तिथवर पोचतात. जिल्ह्यात नागरी बँकाही आहेत, आणि त्यांच्या कार्यकारी संचालकांसाठी रिझर्व्ह बँकेनं २५ जून २०२१ला निर्देशच काढले : वय ३५ ते ७०, बँकिंगमधल्या मधल्या-वरच्या पदांवरचा किमान आठ वर्षांचा अनुभव, आणि आमदार-खासदार-नगरसेवक नको. अगदीच नालायक माणूस खुर्चीत बसू नये, एवढी काळजी हे नियम घेतात. तो इथं टिकेल का, इथल्या माणसांशी त्याचं जमेल का, हे कुठल्याच रकान्यात नसतं. ते मंडळानं ठरवायचं. आणि मंडळाचं त्यावरचं वाक्य ठरलेलं होतं : ‘आपल्यात बसणारा माणूस पाहिजे.’

वाक्य चुकीचं नाही. गोम अशी, की मंडळाच्या बैठकीत ‘आपण’ म्हणजे टेबलाभोवतीचे वीस-एकवीस जण. कारखान्याच्या दृष्टीनं ‘आपण’ म्हणजे पाळीची वाट पाहणारा दोन एकरांचा सभासद, रात्री अडीच वाजता गव्हाणीवर उभा असलेला हंगामी कामगार, तोडणीची चिठ्ठी देणारा चिटबॉय, मुकादम, तोडणीची टोळी. या दोन ‘आपण’मध्ये बसणारी माणसं सहसा वेगवेगळी निघतात. मी तीन साहेबांच्या हाताखाली जवळून काम केलं, त्यावरून सांगतो.

एकदा मंडळानं आग्रहानं जिल्ह्यातलाच माणूस आणला. आनंदीआनंद झाला, हलगी लावून स्वागत झालं. गृहस्थ इंजिनिअर म्हणून उत्तम. मिलचा आवाज ऐकून कुठं बिघाड आहे ते सांगायचे. पैशाला त्यांनी कधी हात लावला नाही, हेही सांगायला पाहिजे. पण ऊस कारखान्यात पाळीनं येतो. लागणीची नोंद, तिची तारीख, त्यावरून तोडणीचा कार्यक्रम. पाणी कमी असलेल्या साली या कार्यक्रमावर अख्ख्या घराचं वर्ष ठरतं. विहिरीनं तळ गाठला की उभा ऊस वाळतो, वजन घटतं, आणि शेतकरी चिठ्ठीसाठी शेतकी विभागात तळ ठोकतो. आमच्या साहेबांची निम्मी सोयरीक कार्यक्षेत्रातच. मेव्हण्याचा ऊस, मावसभावाचा ऊस, मुलगी दिलेल्या गावाचा ऊस. फोनवर कुणी ‘साहेब’ म्हणायचं नाही. मामा, दादा, भाऊजी. आता भाऊजींनी नाही कसं म्हणायचं?

फेब्रुवारीपर्यंत कार्यक्रम नावालाच उरला. ज्यांचं कुणीच नव्हतं ते सगळं बघत होते, आणि बोलत काहीच नव्हते. गणित बिघडलंय, हे तिथंच ओळखायचं. त्यात लग्नसराई. बाहेरून आलेला साहेब लग्नाला नाही आला तर लोक म्हणतात, हंगाम चालू आहे, कामात असतील. गावचा साहेब नाही आला तर ते वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. भर गळितात हा माणूस दुपारभर मांडव फिरायचा आणि रात्री मिलवर उभा राहायचा. दोन हंगामांत खंगला. तब्येतीचं कारण सांगून गेला, आणि ते कारण खोटं नव्हतं.

यावरून ‘स्थानिक नकोच’ असा निष्कर्ष काढणारे लगेच निघाले. त्यांच्या समाधानासाठी पुढचे साहेब पुण्याहून, एका खाजगी समूहातून आले. चेअरमनसाहेबांना पहिल्या भेटीतच पसंत पडले. गाड्यांची आवड सारखी, बोलण्याची ढब सारखी, बंगल्यावर रात्री उशिरापर्यंत गप्पा. मंडळापुढं पडद्यावर रंगीत आलेख यायचे. उसाच्या एफआरपीचे, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दराचे, पैसे १४ दिवसांत द्यावेत, नाही दिले तर १५ टक्के व्याज, हे १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशातच आहे. आलेखात थकलेल्या रकमेचा खांब मात्र कायम शेवटच्या पानावर, आणि तिथवर पोचेपर्यंत जेवणाची वेळ झालेली असायची. हंगामी कामगारांचा रिटेन्शन भत्ता रखडला तेव्हा युनियनची माणसं आधी माझ्याकडे आली, कारण साहेबांची केबिन कुठल्या मजल्यावर आहे हेही त्यांतल्या काहींना नक्की माहीत नव्हतं. मंडळात हा माणूस इतका चपखल बसला, की दोन वर्षं त्याच्याविषयी तिथं कुणाची तक्रारच नव्हती. यापेक्षा जास्त त्यांच्याविषयी लिहिण्यासारखं नाही.

तिसरे सांगलीकडचे. यांच्याविषयी सविस्तर लिहायला हवं.

मुलाखतीत त्यांना विचारलेले प्रश्न मला अजून आठवतात. इकडचं ऊन झेपेल का? कुटुंब आणणार का? एका संचालकांनी सरळ सांगितलं, ‘तुमचं ते काय ओ, काय ओ, आमच्या लोकांला कळायचं न्हाई.’ बीडला यायचं कसं, हा उलटा प्रश्न त्यांनीही विचारला. तेव्हा परळीला रेल्वे होती, बीड शहराला नव्हती. अहिल्यानगरहून बीडपर्यंत गाडी सुरू व्हायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडावा लागला. पश्चिमेकडच्या माणसाच्या मनात आमचा जिल्हा म्हणजे शिक्षेची बदली, हे आम्हीही धरूनच चालायचो. १९५६पर्यंत हैदराबाद राज्यात राहिलेल्या मुलखाला बाहेरून येणाऱ्या हाकिमाचा धाकही असतो आणि अढीही. या माणसाची वीसेक वर्षं तिकडच्या कारखान्यांच्या शेतकी विभागात गेली होती, हे माझ्या टिपणात पहिल्याच ओळीत होतं. त्याचा अर्थ काय होतो, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. त्यांची निवड झाली ती दोन गटांना आपापला माणूस पुढं रेटता आला नाही म्हणून.

अर्थ ऑगस्टमध्ये कळला. आमच्या जिल्ह्यातून दर साली लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, आणि आमच्याच कारखान्यांना तोडायला टोळ्या पुरत नाहीत. बाहेरच्याला हे कोडं वाटतं. मुकादमाला त्यात कोडं काही नाही. तिकडं पाण्याखाली पिकलेला दाट ऊस, त्यामुळं दिवसाला टनेज जास्त पडतं; हंगाम लांबतो; आणि दुभती जनावरं घरोघर, त्यामुळं वाढं चांगल्या पैशाला विकलं जातं. नवरा-बायकोच्या एका कोयत्याला वाढ्याचे पैसे म्हणजे रोजचा बाजारहाट. उचल घेताना मुकादम हे सगळं मनात मांडून घेतो. आमचं मंडळ दर वर्षी एकच करायचं : मुकादमांना निरोप धाडायचा, या म्हणून, आणि नाही आले की त्यांना नावं ठेवायची.

नवे साहेब म्हणाले, मीच जातो. कार्यकारी संचालक मुकादमाच्या दारात, हे मंडळातल्या जुन्या माणसांना रुचलं नाही. जीपमध्ये मी सोबत होतो. धारूरच्या डोंगरपट्ट्यात एका वस्तीवर उतरलो, तर ओट्यावर बसलेला म्हातारा मुकादम उठून उभा राहिला. ‘सायेब, तुमी? इकडं कुणीकडं?’ त्या दोघांची जुनी ओळख निघाली. कधीकाळी तिकडच्या फडात त्याच्या टोळीतला एक बैल दगावला होता, आणि विम्याचे पैसे मिळावेत म्हणून तेव्हाच्या या शेतकी अधिकाऱ्यानं कागद हलवले होते. आम्ही ते विसरलो असतो. मुकादम विसरला नव्हता. चहा होईपर्यंत शेजारच्या दोन वस्त्यांवरचे मुकादम येऊन बसले. साहेब त्यातल्या बऱ्याच जणांना नावानं हाक मारत होते. आमचे शेतकी अधिकारी जिल्ह्यातलेच, पण त्यांना एवढी नावं ठाऊक नव्हती. आपल्याच जिल्ह्यातली माणसं या सांगलीकराला आमच्यापेक्षा जास्त माहीत होती, कारण वर्षातले पाच-सहा महिने ती त्याच्याकडे असायची.

परतताना ते जीपमध्ये म्हणाले, ‘ही माणसं माझ्याकडं यायची, कोपी टाकायची, जायची. मागं घर कसं असतं ते कधी बघितलंच नव्हतं.’ हे वाक्य मी कौतुकानं सांगतो ते त्यातल्या हळवेपणासाठी नाही. या माणसाला आपल्याला काय ठाऊक आहे आणि काय नाही, याचा हिशेब नीट होता. त्यानंतर त्यांचं एकही परिपत्रक आधी विचारपूस केल्याशिवाय निघालं नाही. गळीत लवकर सुरू करायचं त्यांच्या मनात होतं; मोळी दसऱ्याच्या आधी टाकावी, असा तिकडचा विचार. चिटबॉय पोरांना बोलावून विचारलं, तर पोरं म्हणाली, साहेब, दसऱ्याच्या आत कोण हालत नाही. पूर्वी भगवानगडावर आणि अलीकडे सावरगाव घाटला भरणारा दसरा मेळावा, त्याआधीचं नवरात्र, घरोघरचे नवस, लेकरांची आजीकडे लावायची सोय. या सगळ्यानंतरच टोळी गाडीत बसते. साहेबांनी तारीख पुढं ढकलली. एवढंच. बॉयलर पेटवून गव्हाण रिकामी चालवण्याचा खर्च वाचला.

आणि त्यांचं ‘नाही’ म्हणणं. हे मी त्यांच्याकडून शिकलो. मार्चच्या मध्यावर, ऊन चढलं, टोळ्या परतीच्या गोष्टी बोलायला लागल्या, शेतात ऊस अजून उभा. अशा वेळी एका संचालकांचा फोन आला, आमच्या गावचा आधी उचला. साहेब म्हणाले, ‘तुमच्या गावचा तीन तारखेला येतो. त्याआधी न्हाई. पण तीन तारखेला गाडी न्हाई लागली तर दुपारी चार वाजता येऊन मला चारचौघांत बोला.’ तीन तारखेला सकाळी गाडी लागली. आमच्याकडे नकाराचा राग येत नाही असं नाही; नकार तारखेसकट आला आणि तारीख पाळली गेली, की राग टिकत नाही. शिवाय या माणसाचा कार्यक्षेत्रात एकही सोयरा नव्हता. त्याचा नकार हा नियम होता. तोच नकार आधीच्या साहेबांनी दिला असता, तर तो दगा ठरला असता. म्हणजे ज्या परकेपणावर मुलाखतीत बोट ठेवलं होतं, तेच त्यांच्या कामी आलं.

या बाबतीत प्रवरेचं उदाहरण मला नेहमी आठवतं. १९५०मध्ये लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकारानं महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तेव्हा त्याचे अध्यक्ष होते धनंजयराव गाडगीळ. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे प्राध्यापक. धोतर-फेट्यातल्या शेतकऱ्यांनी भाग-भांडवलाचे पैसे एकेका घरातून गोळा केलेले, आणि खुर्चीवर अर्थशास्त्रज्ञ. दहा वर्षं ही जोडी चालली. गाडगीळांनी कधी शेतकऱ्याचं सोंग घेतलं नाही, विखे पाटलांनी कधी अर्थशास्त्र्याचं. एकाला गावं माहीत, दुसऱ्याला कर्ज आणि कायदा माहीत, आणि कारखाना कुणासाठी आहे याबाबत दोघांत वाद नव्हता. आज आमच्याकडे असे कुणी प्राध्यापक मुलाखतीला आले, तर दुपारच्या आत परत जातील.

सगळीकडे हेच चालतं, एवढाच दिलासा. अमेरिकेत लॉरेन रिव्हेरा नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी मोठ्या कायदा, सल्लागार आणि बँकिंग कंपन्यांत नेमणुका करणाऱ्या १२० जणांच्या मुलाखती घेतल्या. त्यावरचा त्यांचा निबंध २०१२मध्ये आला. निष्कर्ष असा, की निवड करणारे ‘आमच्यात जमेल’ असं म्हणताना बऱ्याचदा उमेदवाराचे छंद, खेळ, बोलण्याची ढब आपल्यासारखी आहे का ते बघत होते. तिकडं खेळ आणि सुट्ट्या, इकडं आडनाव आणि तालुका.

आडनावाचं इथं अलीकडे फार झालंय. ३० ऑक्टोबर २०२३ला मराठा आरक्षणाच्या आंदोलनात बीड-माजलगावात जाळपोळ झाली, पाठोपाठ २०२४ची लोकसभा निवडणूक मराठा-वंजारी अशी सरळ दोन फळ्यांत लढली गेली, आणि ज्या हॉटेलांत पिढ्यानपिढ्या एकत्र चहा व्हायचा तिथं माणसं टेबलं निवडून बसायला लागली. २०२५च्या सुरुवातीला पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी पोलिसांना एकमेकांना पहिल्या नावानंच हाक मारायला सांगितलं. पुढं छातीवरच्या पट्ट्यांवरूनही आडनावं गेली. काहींनी हसून सोडून दिलं. मला ते हसण्यासारखं वाटलं नाही. ठाण्यात तक्रार घेऊन आलेला माणूस आधी पट्टी वाचतो आणि मग किती बोलायचं ते ठरवतो, हे ज्यानं पाहिलंय त्याला त्या निर्णयाची गरज कळते. मुलाखतीच्या टिपणात उमेदवारांची आडनावं गाळावीत, असं मी एकदा सुचवून पाहिलं. सगळे मनापासून हसले. जिल्ह्यात फोन आहेत तोवर असल्या टिपणाचा उपयोग शून्य, हे मलाही ठाऊक होतं.

म्हणून मी दुसरीकडून प्रयत्न केला. मुलाखतीच्या आदल्या रात्री उमेदवारांना कारखाना दाखवायचा, आणि तोही तिसऱ्या पाळीत. कोण काय बघतो ते मी बघायचो. काही जण टर्बाइनपाशी थांबतात, काही प्रयोगशाळेत. एखादा काट्यावर उभ्या असलेल्या गाडीवानाला विचारतो, ‘किती वाजल्यापासून उभा हाईस?’ असा माणूस मी मनात टिपून ठेवायचो. प्रत्यक्ष मुलाखतीत मी मंडळाला एक प्रसंग लिहून द्यायचो : एप्रिलचा पहिला आठवडा, धरणाचं पाणी बंद, निम्म्या टोळ्या गेल्या, आणि तीन गावांचा ऊस उभा, पहिला फोन कुणाला कराल? २०१५-१६च्या दुष्काळात माजलगाव धरणाचा साठा मृतपातळीखाली गेला, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हा प्रसंग कल्पनेतला वाटत नाही. कुणी म्हणायचं चेअरमनसाहेबांना, कुणी म्हणायचं साखर आयुक्तालयाला. एका उमेदवारानं सांगितलं, ‘त्या तीन गावांच्या चिटबॉयना, उभा ऊस खरोखर किती आहे ते आधी कळू दे.’ मंडळानं त्याला घेतलं नाही. शेजारच्या जिल्ह्यातल्या कारखान्यानं घेतलं, आणि तो तिथं टिकला.

आणखी एक, जे मंडळात कधीच निघालं नाही. कोयता म्हणजे जोडी. म्हणजे आमच्या कारखान्याला ऊस तोडून देणाऱ्यांत निम्म्या बाया. ‘आपल्यात बसणारा’ ठरवताना त्यांच्या बाजूनं बोलणारं मुलाखतीच्या टेबलावर कुणी नव्हतं. महिला राखीव जागांवरच्या संचालिका होत्या, पण मुलाखतीच्या दिवशी त्यांच्याऐवजी त्यांचे यजमान येऊन बसायचे. तळावर पाण्याचा टँकर कधी येतो, न्हाणीला आडोसा आहे का, हे कुठल्याही उमेदवाराला आमच्याकडे कुणी विचारलं नाही. सांगलीकर साहेबांनी न विचारता टँकरची वेळ बदलली, पहाटे तीनची रात्री आठची केली, एवढं मला माहीत आहे. बाया पहाटे चारला फडात जातात.

ते साहेब काही हंगामांनंतर गावाकडच्या कारखान्यात गेले. आई थकली होती. जागा पुन्हा रिकामी झाली, व्हरांड्यात पुन्हा नावं यायला लागली. जाहिरातीच्या मसुद्यातून मी ‘स्थानिक उमेदवारास प्राधान्य’ ही ओळ काढली. बैठकीत ती परत घातली गेली. चेअरमनसाहेब मला समजावत म्हणाले, ‘राहू द्या हो, लोकांना बरं वाटतं.’ मी म्हणालो, राहू द्या, पण रात्रीची फेरी आणि एप्रिलचा प्रसंगही राहू द्या. त्यावर थोडी कुरकुर झाली, मग मंजूर झालं. फक्त रात्रीच्या फेरीत आपले दोन संचालक सोबत असतील, असा ठराव झाला. फेरीच्या रात्री दोघांपैकी एकही आला नाही.